‘नुसतं डावीकडे वळायचं, यात कसली शर्यत?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मूळचे पुण्याचे हे वाचक काही वर्षांपासून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये एका बँकेच्या आयटी विभागात आहेत. शूमाकरच्या काळापासून फॉर्म्युला वनचे भक्त. रविवारी सकाळी मुलाला शेजारी बसवून ग्रां प्री बघायची, हा घरचा रिवाज. आता १३ वर्षांच्या या मुलाला शाळेतल्या मित्रांमुळे नॅसकारचं, म्हणजे स्टॉक कार शर्यतींचं, वेड लागलंय. मे अखेरीस शार्लट मोटर स्पीडवेवर होणाऱ्या कोका-कोला ६०० या शर्यतीला मित्राच्या कुटुंबाबरोबर बाबांनीही यावं, असा त्याचा हट्ट आहे. वाचक लिहितात, ‘‘चार तास डावीकडे वळायचं, जुनाट तंत्रज्ञान, टायर बदलायलाही एवढा वेळ, धडकाधडकी, आणि तिथली गर्दीही आपल्यातली नाही. मुलाची आवड घसरतेय असं वाटतं. त्याला पुन्हा चांगल्या शर्यतींकडे कसं वळवू? आणि जावंच लागलं, तर निदान वेळ वाया जाऊ नये म्हणून काय करू?’’

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक शर्यतीबद्दल, दुसरी ती बघायला येणाऱ्या माणसांबद्दल. मुलाशी बोलताना तुम्ही दुसरी तक्रार पहिलीच्या नावावर खपवताय, असं पत्र वाचून वाटतं. म्हणून दोन्ही सुट्या करून बघू. गर्दीकडे नंतर येऊ.

आधी ते डावीकडे वळणं. शार्लटचा ट्रॅक लंबगोल, दीड मैलांचा आणि वळणांवर २४ अंशांनी कललेला. पात्रता फेरीत गाडी तिथे तीस सेकंदांच्या आत एक चक्कर मारते, सरासरी वेग ताशी २९० किलोमीटरच्या पुढे. स्टिअरिंग डावीकडेच वळतं हे खरं, पण दर फेरीला ते सारखंच वळवून भागत नाही. मागच्या चाकांची पकड सुटून शेपूट बाहेर सरकायला लागलं की चालक रेडिओवर ‘लूज’ म्हणतो. पुढची चाकं घसरून गाडी भिंतीकडे ओढली जाऊ लागली की ‘टाइट’. तुमच्या ओळखीचे ओव्हरस्टिअर आणि अंडरस्टिअर तेच. टायर झिजतात, टाकी रिकामी होत जाते, पुढच्या गाडीच्या मागची गढूळ हवा गाडीचं नाक जमिनीकडे दाबणारा हवेचा जोर कमी करते, आणि या प्रत्येक कारणाने तोल हलतो.

त्यात ही शर्यत संध्याकाळी सहाच्या सुमारास तापलेल्या डांबरावर सुरू होते आणि रात्री दिव्यांखाली संपते. ६०० मैल, म्हणजे ९६५ किलोमीटर. एका ग्रां प्रीच्या तिप्पट अंतर. ऊन उतरलं की डांबर थंड होतं, ट्रॅकची पकड वाढते आणि बहुतेक गाड्या ‘टाइट’ होत जातात. साडेसहाला सुरेख वळणारी गाडी साडेनऊला ऐकेनाशी होते. म्हणून काही क्रू चीफ, म्हणजे गाडीची मांडणी ठरवणारे संघातले प्रमुख, सुरुवातीला गाडी मुद्दाम थोडी लूज ठेवतात आणि चालकाला पहिला तास सोसायला लावतात. पहिल्या शंभर फेऱ्यांत मागे पडलेली गाडी रात्री अचानक पुढे येते, ती अनेकदा यामुळेच. हे ठाऊक नसलं की ते चार तास एकसुरी वाटतात.

दुरुस्ती पिट स्टॉपमध्ये, म्हणजे टायर आणि इंधनासाठीच्या थांब्यात होते, आणि तीही दिसेल अशी. एक जण मागच्या काचेतल्या भोकात लांब पाना घालून फिरवताना दिसेल. त्याने मागच्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगवरचा भार बदलतो, आणि त्याबरोबर उजवं पुढचं चाक व डावं मागचं चाक या तिरक्या जोडीवरचा वाटाही. याला ‘वेज’ म्हणतात. वेज वाढवला की गाडी टाइट होते, काढला की लूज. पाना अर्धा किंवा एकच फेरा फिरतो. याशिवाय टायरमधली हवा थोडी कमीजास्त करतात. गाडी ट्रॅकवर असताना मोठी शस्त्रक्रिया करता येत नाही, त्यामुळे चालकाने नेमकं काय होतंय ते नीट सांगणं आणि क्रू चीफने ते बरोबर ओळखणं यावर सगळी रात्र ठरते.

पिट स्टॉपच्या वेळेवरूनही तुम्ही नाक मुरडलंय. फॉर्म्युला वनमध्ये वीसेक माणसं दोन-अडीच सेकंदांत चार टायर बदलतात. इथे नऊ-दहा सेकंद लागतात. पण इथे भिंतीवरून उडी मारून फक्त पाच माणसं येतात: टायर बदलणारे दोघे, टायर वाहणारा एक, जॅकवाला एक, इंधनवाला एक. जॅक हातात धरून गाडीला वळसा घालत पळायचं, आधी उजवी बाजू उचलायची, मग डावी. इंधन पंपाने येत नाही, जड डबा खांद्यावर घेऊन ओतावं लागतं. म्हणून संघ या कामासाठी कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळलेली मुलं घेतात. २०२३ साली ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत नॅसकारची एक कॅमारो खास पाहुणी म्हणून उतरली होती. तिच्या क्रूने तिथली पिट स्टॉप स्पर्धा जीटी गटात जिंकली, तेही हाताने जॅक मारून.

‘जुनाट तंत्रज्ञान’ ही तक्रार २०२१ पर्यंत बरीचशी खरी होती. चार गिअर, मागचा अखंड आस, १५ इंची पोलादी चाकं आणि प्रत्येक चाकाला पाच नट. २०२२ साली ‘नेक्स्ट जेन’ गाडी आली आणि हे सगळं गेलं. आता पाच गिअरचा सीक्वेन्शियल ट्रान्सअ‍ॅक्सल (मागच्या आसाला जोडलेला गिअरबॉक्स), मागे स्वतंत्र सस्पेन्शन, १८ इंची अ‍ॅल्युमिनियमची चाकं, मधोमध एकच नट, सपाट तळ आणि मागे गाडीखालची हवा बाहेर ओढणारा डिफ्युझर. जुनं राहिलंय ते इंजिन: ५.८६ लिटरचं व्ही-८, पुशरॉडवर चालणाऱ्या झडपांचं. ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, चाकं जागीच फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल नाही. गाडीचं वजन फॉर्म्युला वनच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट, आणि तिला जमिनीला चिकटवणारा हवेचा दाब मात्र त्या मानाने फारच कमी. वेगात ही गाडी चालकाला कधीच पूर्ण साथ देत नाही. तशीच ठेवण्याचा हेतूही आहे.

मोठा फरक आणखी एक. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ स्वतःची गाडी घडवतो, त्यामुळे रविवारचा बराचसा निकाल कारखान्यात लागून गेलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही, तो खेळच अभियांत्रिकीचा आहे. इथे सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे भाग ठरावीक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात आणि सगळ्यांना सारखेच मिळतात. एवढंच नाही, कोणत्या चालकाने कुठे ब्रेक मारला, किती अ‍ॅक्सिलरेटर दाबला, स्टिअरिंग किती वळवलं, याच्या नोंदीही सगळ्या संघांना बघता येतात. फेरारीला रेड बुलच्या चालकाचा पाय सोमवारी सकाळी उलगडून बघायला मिळाला तर काय होईल, विचार करा. इतकं उघड असूनही तेच ते चालक पुन्हा पुन्हा पुढे दिसतात, तेव्हा गाडीपलीकडचं काहीतरी दिसत असतं.

ते ‘काहीतरी’ किती अवघड आहे, हे तुमच्या आवडत्या खेळातल्या माणसांनीच दाखवून दिलंय. ह्वान पाब्लो मोंटोया २००३ची मोनॅको ग्रां प्री जिंकला, इंडियानापोलिस ५०० दोनदा जिंकला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत तो २००७ पासून पूर्णवेळ उतरला आणि दोनच शर्यती जिंकला, दोन्ही डाव्या-उजव्या वळणांच्या रस्त्यांवर. लंबगोल ट्रॅकवर एकही नाही. किमी रायकोनेनने २०११ साली शार्लटच्याच ट्रॅकवर खालच्या दोन मालिकांत गाडी चालवून पाहिली आणि मधल्या-मागच्या गर्दीत राहिला. उलट बाजूही सांगायला हवी. न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन २०२३ साली शिकागोच्या रस्त्यांवर पदार्पणातच जिंकला आणि २०२५मध्ये रस्त्यांवरच्या पाच शर्यती त्याने खिशात घातल्या. म्हणजे रस्त्यांवर नॅसकारचे नेहमीचे चालक मागे पडतात, लंबगोलावर पाहुणे. दोन वेगळी कसबं आहेत ही. आपला नारायण कार्तिकेयनही २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला होता. मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला, आणि त्या वर्षी चाहत्यांनी त्याला मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक निवडलं. मुलाला हे बहुधा माहीत नसेल. सांगा त्याला.

आता धडकाधडकी. चाकं उघडी असलेल्या गाड्यांचं चाक चाकाला लागलं की गाडी उडते, म्हणून तिथे स्पर्श हा अपघातच. इथे चाकं झाकलेली आहेत, त्यामुळे ब्रिस्टॉल किंवा मार्टिन्सव्हिलसारख्या छोट्या ट्रॅकवर बंपरने हलका धक्का देऊन पुढच्याला वाटेतून सरकवणं हा डावपेच आहे. किती धक्का चालतो आणि कुठे तो गुंडगिरी होतो, यावर चालकांमध्ये कायम भांडणं. अपघात बघायलाच येणारे प्रेक्षक आहेत आणि जाहिरातवाले त्यावर पैसे कमावतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २००१च्या डेटोना ५००मध्ये शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्टचा मृत्यू झाल्यानंतर या खेळाने सुरक्षेवर मन लावून काम केलं. डोकं-मान धरून ठेवणारं उपकरण त्याच वर्षी सक्तीचं झालं. नेब्रास्का विद्यापीठात तयार झालेली, पोलादी नळ्या आणि फोमची आघात शोषणारी भिंत २००२ पासून ट्रॅकवर येऊ लागली. सर्वोच्च मालिकेत त्यानंतर एकाही चालकाचा शर्यतीत मृत्यू झालेला नाही.

एकाच प्रसंगाने बघायचं तर २५ मे २०२५चा रविवार घ्या. त्या सकाळी मोनॅकोत ओव्हरटेक जवळपास अशक्य म्हणून सगळ्यांना दोन पिट स्टॉप सक्तीचे केले होते, तरीही पहिल्या क्रमांकावरून निघालेला लँडो नॉरिसच जिंकला. त्याच रात्री शार्लटमध्ये विल्यम बायरनने ४०० पैकी २८३ फेऱ्या आघाडी राखली, आणि सहा फेऱ्या उरल्या असताना त्याला रॉस चॅस्टेनने गाठलं. चॅस्टेन सरावात गाडी ठोकून राखीव गाडीत शेवटून, चाळिसाव्या जागेवरून, निघाला होता. तुलना थोडी खोडसाळ आहे, मान्य. मोनॅको म्हणजे अख्खं फॉर्म्युला वन नव्हे. पण ‘डावीकडे वळणं’ म्हणजे अख्खं नॅसकारही नव्हे.

डेटोना आणि टॅलाडेगाची गोष्ट निराळी, तिची शार्लटशी गल्लत करू नका. तिथे इंजिनाची ताकद मुद्दाम घटवतात, वळणं ३१ आणि ३३ अंशांची, त्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सगळ्या गाड्या एका झुंडीत धावतात. एक्सप्रेसवेवर एसटीच्या मागे लागलेल्या मोटारसायकलला वारा कमी लागतो, तसा मागच्या गाडीला फायदा होतोच. शिवाय मागची गाडी चिकटली की पुढचीही वेगात जाते. म्हणून दोन गाड्या मिळून एकटीपेक्षा जलद, आणि जिंकायचं तर आधी मित्र हवा, शेवटच्या फेरीत त्याला सोडायचं. थरार जबरदस्त, पण अलीकडे मधल्या टप्प्यांत इंधन वाचवत रेंगाळणं इतकं वाढलंय की तिथला मधला तास खरोखर कंटाळवाणा असतो. शिवाय विजेतेपदाची पद्धत वारंवार बदलते, आणि शर्यतीचा एकेक ठरलेला टप्पा संपला की पिवळा झेंडा दाखवून गाड्या पुन्हा एकत्र आणतात, कमावलेली आघाडी पुसून टाकतात. तुमच्यासारख्याला हे टोचणारच. अस्सल अभियांत्रिकी हवी असेल तर फॉर्म्युला वन, माणूस आणि रस्ता हवा असेल तर रॅली, निव्वळ धाडस हवं असेल तर मोटोजीपी. स्टॉक कारकडे आहे ते गर्दीत, दोन-चार इंचांच्या अंतराने, अवघड गाडी तासन् तास सांभाळणं. २०२४ साली कॅन्ससमध्ये काइल लार्सन ०.००१ सेकंदाने जिंकला.

आता गर्दी. शर्यतीआधी प्रार्थना असते, राष्ट्रगीत असतं, विमानं डोक्यावरून जातात. हा मेमोरियल डेचा शनिवार-रविवार, त्यामुळे गाड्यांच्या काचेवर शहीद सैनिकांची नावं लिहिलेली असतात. पार्किंगमध्ये राजकीय झेंडेही दिसतील. गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा कॉन्फेडरेट झेंडा नॅसकारने जून २०२०मध्ये आपल्या ट्रॅकवर बंद केला. कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट १९६३ साली जिंकूनही त्या दिवशी त्याला विजेता म्हणून जाहीर केलं नव्हतं. सर्वोच्च मालिकेत दुसरा कृष्णवर्णीय विजेता, बबा वॉलेस, दिसायला २०२१ उजाडलं. मेक्सिकोचा डॅनियल सुआरेझही आता या मालिकेतला विजेता आहे. तुम्हाला अवघडल्यासारखं वाटत असेल तर त्याला कारणं आहेत, आणि ते मुलाला सरळ सांगता येतं. ‘मला तिथे परकं वाटेल अशी भीती वाटते,’ हे वाक्य १३ वर्षांच्या मुलाला कळतं. ‘ती शर्यत हलकी आहे,’ याचा अर्थ त्याच्या कानात ‘तुझे मित्र हलके आहेत’ असा होतो. तो ज्या शहरात वाढतोय, तिथला हा घरचा खेळ आहे. बहुतेक मोठे संघ शार्लटच्या आसपास काँकॉर्ड, मूर्सव्हिल, हंटर्सव्हिलमध्ये आहेत. आणि शेजारच्या कॅनापोलिसमध्ये हास या फॉर्म्युला वन संघाचं अमेरिकी ठाणं आहे, ज्याचा मालक नॅसकारमधूनच तिकडे गेला. मुलाची वाट तुमच्या वाटेपासून इतकी दूर नाही.

तर जा. पहिल्या वेळी ट्रॅकच्या मधल्या मैदानातल्या कॅम्पिंगऐवजी क्रमांकाच्या खुर्च्या घ्या. स्वस्त म्हणून खालच्या ओळी घेऊ नका. तिथून पलीकडची सरळ रेषा दिसत नाही आणि टायरच्या रबराचे कण अंगावर येतात. वरच्या ओळी, सुरुवातीच्या रेषेच्या जवळपास, म्हणजे पिट रोडही दिसेल.

कान जपणं अटळ आहे. चाळीस गाड्या एकदम सुटल्या की आवाज शंभर डेसिबलच्या बराच वर जातो, आणि इथे तो चार तास चालतो. मुलाला फोमचे बोळे, वरून कानावरचे हेडफोन. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सारून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा काही उपयोगाचा नाही, आणि बहुतेक लोक तेच करतात.

चालक आणि संघ यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकवणारा स्कॅनर भाड्याने घ्या. एकाच चालकाची वाहिनी लावा, उगीच बदलत बसू नका. स्टँडच्या छपरावर उभा असलेला स्पॉटर चालकाला बाजूला कोण आहे, कधी मोकळं झालं, हे अखंड सांगत असतो. चालकाची कुरकुर आणि क्रू चीफचं उत्तरही ऐकू येतं. फॉर्म्युला वनच्या स्टँडमध्ये बसून इतकं जवळून काही मिळत नाही. एका कागदावर मुलाला लिहायला लावा: कोणत्या फेरीला पिट, दोन टायर की चार, नंतर लूज म्हणाला की टाइट. एका टाकीत साधारण ५० फेऱ्या होतात, त्यामुळे अकाली आलेली गाडी लगेच ओळखू येते. दीडशेव्या फेरीच्या सुमारास तुम्हीच कागद त्याच्याकडून मागाल.

जाण्याआधी २०२५च्या शर्यतीच्या शेवटच्या ५० फेऱ्या घरी बघा, मुलाला समालोचन करू द्या. शहरातलं नॅसकार हॉल ऑफ फेमही एका दुपारीत होतं. त्याचं वेड गाडी चालवण्यापर्यंत गेलं, तर लगेच गाडी घेऊ नका. उन्हाळ्यात याच ट्रॅकच्या पुढच्या भागातल्या पाव मैलाच्या लंबगोलावर बँडोलेरो आणि लेजेंड्स या छोट्या गाड्यांच्या शर्यती होतात. त्या गाड्या तुमच्या मुलाच्याच वयाची पोरं चालवतात. आधी बघायला न्या, पिटमध्ये पालकांशी बोला, टायर आणि दुरुस्तीला वर्षाकाठी किती जातात ते त्यांच्याच तोंडून ऐका. तोवर घरी आयरेसिंगसारखा सिम्युलेटर पुरे. विल्यम बायरन शार्लटचाच, सिम्युलेटरवर शिकून मग लेजेंड्समध्ये उतरला आणि पुढे २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षं डेटोना ५०० जिंकला. सगळे बायरन होत नाहीत हेही सांगा, पण नंतर. ओढा यंत्रांकडे असेल तर शार्लटच्या विद्यापीठात मोटरस्पोर्ट्स अभियांत्रिकी आहे, आणि तो अभ्यास दोन्ही खेळांना चालतो.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: कोका-कोला ६०० आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीनला सुरू होते. जागू नका. रेकॉर्डिंगमधला शेवटचा टप्पा बघा, किंवा सुरुवात मार्टिन्सव्हिलपासून करा. तिथे ट्रॅक अर्ध्या मैलाचा, गाड्या सतत नजरेसमोर, आणि कोण कुणाला का ढकलतंय ते पहिल्याच दहा मिनिटांत कळतं.

शेवटचं, पावसाचं. ओल्या कललेल्या ट्रॅकवर इतक्या वेगात या गाड्या धावत नाहीत, थांबवून ट्रॅक वाळवतात. २०२४ साली २४९ फेऱ्यांनंतर पाऊस आला आणि शर्यत तिथेच संपवून ख्रिस्तोफर बेलला विजेता ठरवलं. २०२३मध्ये तर ती सोमवारीच झाली. त्यामुळे तिकिटावरच्या पावसाच्या अटी आधी वाचा, हलका रेनकोट आणि रात्रीसाठी एक जाड शर्ट घ्या, पिशवी आणि थंड पेयांच्या डब्याचे नियम ट्रॅकच्या साइटवर बघून ठेवा, आणि सोमवारी दुपारी काही ठरवू नका. बँकेला त्या दिवशी मेमोरियल डेची सुट्टी असतेच.